मताला मुकादम नको



मी ख्रिस्ती नाही. बौद्ध आहे. गोदीत ठेकेदाराकडं माल उतरवतो, मॅट्रिक झालोय, कविता लिहितो. तर पाद्र्यांनी निवडणुकीत कुणाचं नाव घ्यावं नि कुणाचं घेऊ नये, ह्याच्याशी तुझं काय देणंघेणं, असं आमच्या टोळीतल्या एका दोस्तानं मला विचारलं.

देणंघेणं आहे. माझी मावशी ख्रिस्ती आहे. नंदुरबार जिल्ह्यात धानोऱ्याला राहते. तिचा नवरा चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात मरता मरता वाचला, तेव्हापासून तिनं येशूला धरलं. त्याला माझी काही हरकत नाही. लहानपणी जिच्या ओंजळीत लोकांनी वरून पाणी ओतलं, तिला ज्या दारात कुणी नावानं हाक मारली त्या दारात ती गेली. माझा आजा दीक्षेच्या वाटेनं गेला, ती ह्या वाटेनं. दोघंही एकाच आगीतून पळाले.

2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. मी मत द्यायला गावी गेलो होतो. आधीच्या रविवारी मावशी म्हणाली, चल उपासनेला. गेलो. पत्र्याचं प्रार्थनाघर. शे-दीडशे माणसं. भिल्ल, मावची, चार-दोन घरं आमची. बरेचजण ऊसतोडीला गुजरातेत निघालेले, मतदानापुरते थांबलेले. गाणी झाली, वचन वाचून झालं. मग बाहेर पांढरी गाडी थांबली. उमेदवार आला. पाळकांनी त्याला पुढं बोलावलं, गुडघ्यावर बसवलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. डोळे मिटून म्हणाले, देवानं हा माणूस आपल्यासाठी निवडलाय. मग डोळे उघडून चिन्ह सांगितलं. सगळे म्हणाले, आमेन.

पाळकाचं नाव मी लिहीत नाही, उमेदवाराचं नाही, पक्षाचंही नाही. पाळक गरीब माणूस आहे. पाड्यापाड्यानं पायी फिरतो, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढतो. त्या माणसाशी माझं भांडण नाही. त्यानं त्या दिवशी जे केलं त्याच्याशी आहे.

घरी येताना मावशी गप्प. तिनं मनात दुसराच माणूस धरला होता. वनजमिनीच्या दाव्याचे कागद घेऊन जो तहसिलीत तिच्याबरोबर चार खेपा हिंडला, त्याच्या माणसाला ती मत देणार होती. चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "पास्टरनी सांगं म्हंजे देवनीच सांगं ना रे भाऊ? मी दुसरं बटन दाबं तं मनी प्रार्थना देव ऐकी का?"

ह्या एका प्रश्नासाठी मी हे लिहितोय. नवऱ्याच्या दम्यासाठी, पोराच्या नोकरीसाठी जी बाई रोज रात्री गुडघे टेकते, तिला मत देताना देवाची भीती वाटली. गावच्या पाटलाची भीती तिनं चाळीस वर्षांपूर्वी टाकली. ती भीती पुन्हा तिच्या पदरात कुणी घातली? पाटलानं नव्हे. तिच्याच माणसानं.

आता कायदा ऐका. युनियनच्या ऑफिसात बसून एका वकील दोस्ताकडून मी तो समजून घेतला. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123. मत दिलं नाहीस तर देव कोपेल, धर्मातून दोष लागेल, असं मतदाराच्या मनात भरवणं हा भ्रष्ट आचार. त्यानं निवडणूक रद्द होते. नुसती पुस्तकातली गोष्ट नाही ही. तेव्हाच्या पंजाबातल्या सिरसा मतदारसंघात नामधारी शिखांच्या सद्गुरूंनी एका उमेदवारासाठी हुकूम काढला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1959 साली कोर्टानं सांगितलं की धर्मगुरूलाही मत आहे, ते तो बोलू शकतो, प्रचारही करू शकतो. पण तो अशा भाषेत हुकूम सोडायला लागला की ऐकणाऱ्याला निवडायला जागाच उरत नाही, तर तो गैरवाजवी दबाव. निवडणूक रद्द.

म्हणजे कायद्यानंही धर्मगुरूचं तोंड शिवलेलं नाही. प्रश्न एवढाच, की तो बोलल्यावर माझ्या मावशीला निवडायला जागा उरते का? डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन चिन्ह सांगितल्यावर कसली जागा आणि कसलं काय! आणि 1988 चा आणखी एक कायदा आहे. देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा, विहार, कुठल्याच धर्मस्थळाची जागा राजकीय कामाला वापरायची नाही. पाच वर्षांपर्यंत कैद. आपल्या देशात हा कायदा कुणावर चालतो आणि कुणावर चालत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आता कायदा बाजूला ठेवा. माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो.

गोदीत ठेकेदार आम्हाला ओळखत नाही. तो मुकादमाला ओळखतो. वीस माणसं पाहिजेत, मुकादम वीस डोकी आणून उभी करतो. पैसा मुकादमाच्या हातात, त्याचा हिस्सा आधी कापला जातो. धानोऱ्याकडं ऊसतोडीत तेच. उचल मुकादम देतो, कोयता आमचा, हिशोब त्याचा. अडचण आली, बाई बाळंत झाली, माणूस गाडीखाली आला, तर कारखाना म्हणतो आम्ही तुम्हाला ओळखत नाही, मुकादमाला विचारा. मुकादम नेहमी वाईट असतो असं नाही. कधी आपला भाऊबंदच असतो. पण तो मधे उभा आहे तोपर्यंत मालकाला माझा चेहरा दिसत नाही, आणि मालकाची कॉलर माझ्या हाताला लागत नाही.

पाळक उमेदवाराला आशीर्वाद देतो तेव्हा हेच होतं. तो मतांचा मुकादम होतो. उमेदवार म्हणतो, त्या पाड्यावर कशाला जायचं? पाळकाशी बोलणं झालंय. मग तो पाड्यावर येत नाही. हातपंपाचं विचारायला, कुपोषित पोराचं विचारायला, वनदाव्याचं विचारायला मावशीला तो भेटत नाही. तिचं मत रविवारीच घेऊन झालं, ठोक भावात. शेजारच्या नवापुरात 2024 ला निकाल जेमतेम अकराशे मतांनी लागला. असल्या चुरशीत दोन-चार पाडे कुणाच्या खिशात आहेत असं नुसतं वाटलं तरी त्याच्या दारात गाड्या लागतात. गाड्या दाराशी लागल्या की भल्याभल्यांची डोकी फिरतात, पाळक तरी काय करणार?

आता हे एकट्या गरीब पाळकाचं नाही, वरपर्यंत असंच आहे. केरळात मार्च 2023 मध्ये थलासेरीचे आर्चबिशप जोसेफ पाम्प्लानी शेतकऱ्यांच्या सभेत बोलले. केंद्रानं रबराचा भाव किलोला 300 रुपये केला, तर केरळातून एक खासदार नाही ही तुमची उणीव आम्ही भरून काढू. रबराच्या शेतकऱ्याचं दुखणं खरं आहे, मी नाकारत नाही. पण मत बिशपचं होतं का? लाखभर लोकांचं मत एका माणसानं तराजूत टाकलं आणि भाव सांगितला. मुकादम ह्याहून वेगळं काय करतो? आणि जुलै 2025 मध्ये छत्तीसगडात दुर्ग स्टेशनवर केरळच्याच दोन ननना धर्मांतर आणि मानवी तस्करीच्या आरोपाखाली पकडलं. आठवडाभर त्या तुरुंगात होत्या. रबराचा भाव मागता आला, ह्या दोन बायांच्या सुटकेसाठी हात जोडावे लागले.

आमच्याकडंही तेच घडलं. मतं घेऊन झाली. जुलै 2025 मध्ये विधानसभेत नवापूर भागातल्या चर्चचा विषय निघाला. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे म्हणाले, धुळे-नंदुरबारमधली अनधिकृत चर्च सहा महिन्यांत पाडू. त्याच सुमाराला आमदार गोपीचंद पडळकर पाद्र्यांना मारणाऱ्यांना लाखांची बक्षिसं जाहीर करत होते. 11 जुलैला आझाद मैदानात ख्रिस्ती लोकांचा मोर्चा झाला. गोदीतली पाळी बुडवून मी गेलो. निळा झेंडा घेऊन गेलो. तिथं मी धानोऱ्याच्या त्या पांढऱ्या गाडीतल्या माणसाला शोधत होतो. नव्हता. येणारही नव्हता. मावशीनं फोनवर विचारलं, आपलं पत्र्याचं पण पाडतील का रे? मी काय सांगणार?

आता ज्यांना राग आला असेल त्यांचं म्हणणं मांडतो, कारण ते खोटं नाही. ते म्हणतात, वा रे शहाण्या! तिकडं गोरखपूरचा महंत मुख्यमंत्री होतो, 2019 ला भोपाळहून साध्वी खासदार होते. सोलापूरच्या राखीव जागेवर 2019 ला जयसिद्धेश्वर महास्वामी निवडून आले. सुशीलकुमार शिंदे पडले, बाळासाहेब आंबेडकर पडले. फेब्रुवारी 2020 मध्ये जात पडताळणी समितीनं स्वामींचा दाखला अवैध ठरवला, ते कोर्टात गेले, आणि 2024 पर्यंत खासदार राहिले. दलितांच्या जागेवर मठाचा स्वामी! तेव्हा कुणाला धर्म आणि राजकारण आठवलं नाही. पण नोव्हेंबर 2017 मध्ये गुजरातेत गांधीनगरचे आर्चबिशप थॉमस मॅकवान यांनी साधं पत्र काढलं, माणुसकीचे लोक निवडून यावेत म्हणून प्रार्थना करा, राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचवा, तर लगेच कलेक्टरची नोटीस. मग सगळे नियम आमच्या पाळकालाच का?

बरोबर. नियम दोन आहेत. ज्याच्या हातात काठी त्याचा एक, आपला एक. त्याविरुद्ध आपण लढूच. पण एक सांगा. मठानं मत विकत घेतलं म्हणून चर्चनं विकायचं? मनुवाद्याचं हत्यार आपल्या हातात आलं म्हणून त्याची धार बदलते का? बाहुबळ, पैसा आणि देवाची भीती ह्या तिन्ही गोष्टींत ते आपल्याला हजार वर्षं पुरून उरतील. आपल्याकडं एकच गोष्ट आहे. प्रत्येक माणसाचं एक मत. कलम 326. पडद्यामागं एकटा माणूस, सोबत कोणी नाही, पाटील नाही, सावकार नाही, नवरा नाही, देवसुद्धा नाही. बाबासाहेब 1919 साली साउथबरो कमिटीपुढं उभे राहिले तेव्हापासून ह्यासाठी भांडले. 1928 ला सायमन कमिशनपुढं प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा मोठमोठ्यांना तो वेडेपणा वाटत होता. अडाणी माणसाला काय कळतं, म्हणायचे. आज पाळक जेव्हा म्हणतो, आमच्या साध्या लोकांना कळत नाही, त्यांना सांगावं लागतं, तेव्हा तो कुणाची भाषा बोलतोय? जरा आरशात बघा.

25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावून ठेवलंय की भक्ती धर्मात कामाची असेल, पण राजकारणात ती माणसाला खाली नेते आणि शेवटी हुकूमशहाच्या पायाशी नेऊन टाकते. आणि त्याच्याही आधी, 1 जानेवारी 1938 ला, सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढंच ते बोलले होते. लाडीगोडी लावली नाही. म्हणाले, दक्षिणेत तुमच्या चर्चमध्येही जात आहे, आणि समाज म्हणून तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाहीत. नव्वद वर्षं होत आली. त्या प्रश्नाचं उत्तर आशीर्वाद देऊन होणार आहे का?

मग पाळकांनी गप्प बसावं? नाही! उलट. गप्प बसतात म्हणूनच हे घडतंय. ज्या गोष्टींवर ओरडायला पाहिजे त्यावर गप्प, आणि पाच वर्षांतून एक दिवस फक्त नाव आणि चिन्ह.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीच्या बाहेर काढला. शिखांना 1956 ला आत घेतलं, आम्हा बौद्धांना 1990 ला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. म्हणून माझ्या मावशीच्या पोराच्या दाखल्यावर अजून जुना धर्म आहे आणि ती रविवारी पदर डोक्यावरून पुढं ओढून उपासनेला जाते. आदिवासीचं तसं नाही, त्याची जमात धर्म बदलला तरी राहते. म्हणून आता डीलिस्टिंगची हाकाटी. धर्म बदललेल्या आदिवासीला यादीतून काढा. ही मागणी 1960 च्या दशकाच्या शेवटी संसदेत पोचली होती, आज जनजाती सुरक्षा मंच ती गावोगाव फिरवतोय. भिल्लाला भिल्लाविरुद्ध उभा करायचा धंदा. बोला ना ह्याच्यावर, पाळकसाहेब! उमेदवाराला गुडघ्यावर नका बसवू, सगळ्या मंडळीसमोर उभा करा आणि विचारा. डीलिस्टिंगवर तुझा पक्ष काय म्हणतो? 1950 च्या आदेशावर काय म्हणतो? वनहक्काचे दावे का नाकारले? मग सगळ्या पक्षांचे बोलवा. प्रार्थनाघरात नको, पिंपळाखाली बोलवा, चावडीवर बोलवा. प्रश्न विचारायला लोकांना शिकवा. बटन त्यांचं ते दाबतील.

2017 च्या 2 जानेवारीला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी निकाल दिला, चार विरुद्ध तीन. प्रकरण मुंबईचंच, 1990 च्या सांताक्रूझच्या निवडणुकीचं. उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्म-जातीच्या नावानंही मत मागायचं नाही, असं चौघं म्हणाले. तिघांनी वेगळं म्हटलं. जात आणि धर्म यांमुळं ज्यांनी अन्याय सोसला त्यांनी तो अन्याय निवडणुकीत बोलायचाच नाही का? मला ते तिघं आपले वाटतात. आमच्या जखमेवर बोलणं वेगळं, आणि देवाच्या नावानं माणूस विकणं वेगळं. एवढा फरक अडाणी माझ्या मावशीला कळतो. शिकलेल्यांनी कळत नसल्याचं सोंग करू नये.

आणि ह्या वाटेनं गेलेले धर्मगुरू आहेत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो बिल्डरांच्या नि टँकरवाल्यांच्या विरोधात हरित वसईसाठी लोकांबरोबर रस्त्यावर आले. झारखंडात फादर स्टॅन स्वामी तुरुंगात सडणाऱ्या आदिवासी पोरांच्या केसेस गोळा करत बसले. भीमा-कोरेगावच्या प्रकरणात त्यांना 8 ऑक्टोबर 2020 ला उचललं, आपल्या तळोजा जेलात टाकलं. हात थरथरायचे, पाणी प्यायला नळीचा कप मागावा लागला. 5 जुलै 2021 ला 84 व्या वर्षी आरोपी म्हणूनच मेले. ज्या माणसाला सरकार एवढं भ्यालं, त्याची ताकद कशात होती? मतांच्या गठ्ठ्यात नव्हती.

आमच्या शहाद्याकडंही बघा. अंबरसिंग महाराज भजन करणारा माणूस. लोकांनी गेलेल्या जमिनीचं गाऱ्हाणं सांगितलं, तर तो जमिनीच्या लढ्यात उतरला. 1972 ला श्रमिक संघटना उभी राहिली. त्याच्याही आधी 1930 च्या दशकात तळोद्याकडं गुलाम महाराजांच्या आरतीला हजारोंनी आदिवासी जमले, दारू सोडली, ताठ उभे राहिले. धर्म माणसाला उभा करू शकतो, हे आमच्या मातीत घडलंय. गुडघ्यावर बसवायला तो कशाला पाहिजे?

आता आपल्या घरात बघू. बोट दुसऱ्याकडं दाखवून मी सुटत नाही. आपल्या विहारांत काय चाललंय? 14 एप्रिलच्या स्टेजवर उमेदवाराचं बॅनर बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा मोठं. भंतेजी त्रिसरण देतात आणि मग नगरसेवकाच्या गळ्यात हार घालतात. रिपब्लिकन पक्षाचे तुकडे मोजता मोजता बोटं संपली, प्रत्येक तुकड्याचा एक मुकादम, प्रत्येक मुकादमाची एक जागा. पाळकाला जे सांगतो ते भंतेंना, मौलवींना, महाराजांना, आणि आपल्या पुढाऱ्यांना सांगतो. नाहीतर हा लेख फाडून टाका.

आणि हे संपत चाललंय असं समजू नका, वाढणार आहे. अमेरिकेत 1954 पासून कायदा होता, करमाफी घेणाऱ्या चर्चनं उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. जुलै 2025 मध्ये तिथल्या कर खात्यानंच टेक्सासच्या कोर्टात लिहून दिलं की उपासनेत आपल्या मंडळीशी बोलताना पाळकानं नाव घेतलं तर चालेल. घरातलं बोलणं आहे म्हणे! धानोऱ्याच्या प्रार्थनाघरातलंही घरातलंच बोलणं होतं. म्हणून तर मावशीला उलट बोलता आलं नाही.

पाळकसाहेब, तुम्हाला राजकारण करायचंय? जरूर करा, नागरिक आहात. झगा खुंटीला टांगा, पक्षाचं कार्ड घ्या, चौकात उभे रहा, शिव्या खा, प्रश्नांना उत्तरं द्या, जसं आम्ही देतो. पण त्या झग्यात, त्या जागेवर, डोक्यावर हात ठेवून नाही. आणि तुमचं प्रार्थनाघर पाडायला कोणी आलं, तर आम्हाला हाक मारा. मत कुणाला दिलंत हे न विचारता आम्ही येऊ. निळा झेंडा घेऊन दारात उभे राहू.

मावशीनं त्या बुधवारी कुणाला मत दिलं मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. केंद्रातून बाहेर आली, शाई लागलेलं बोट पदरात धरलं आणि म्हणाली, चाल घर. पोरांनो, आपापल्या वस्तीतल्या आया-मावश्यांना एवढंच सांगा, की ते बटन दाबताना वरून कुणी बघत नाही. आणि बघत असलाच, तर तो रागावणार नाही.

जयभीम!